शेक द्यावा, पण कुठे? बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ होण्याचा आजार), ल्युपस, एमसीटीडी (अशा दोन-तीन आजारांचं मिश्रण), डर्मॅटोमायोसायटिस असे कनेक्टिव्ह टिश्यूचे, म्हणजे शरीर जोडून धरणाऱ्या ऊतींचे आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. सातारा-सांगलीकडची हवा, इथली कामं आणि घरं डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत. औषधांचे डोस इथे दिलेले नाहीत. ते तुमच्या संधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचे.

गारव्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होतात. नेमकं काय होतं?

याला रेनॉ म्हणतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली त्याचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. गारवा लागला की शरीर छाती-पोटातली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडचं रक्त आवरतं घेतं. हे सगळ्यांनाच होतं. रेनॉत ते गरजेपेक्षा फार जोरात होतं. बोटाच्या बारीक धमन्या आवळतात, रक्त थांबतं, बोट पांढरं पडतं. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळं दिसतं. धमन्या सैल पडल्या की रक्त एकदम भरतं, बोट लाल होतं आणि त्याच वेळी ठणका, जळजळ, मुंग्या येतात. तिन्ही रंग दिसलेच पाहिजेत असं नाही. सावळ्या हातावर लाली कळत नाही. पांढरेपणा मात्र नखाखाली आणि पेरांवर कळतो.

महाबळेश्वर सोडलं तर आपल्याकडे थंडी ती किती? तरी त्रास का?

कारण बोटं पांढरी पडण्याचा झटका येतो तो पारा उतरण्याने, पारा किती आहे त्याने नव्हे. उन्हातून एसी बँकेत शिरणं, फ्रीजमधली कोथिंबीर काढणं, बर्फ घातलेल्या उसाच्या रसाचा ग्लास धरणं, एवढ्यावरही बोटं पांढरी पडतात. मेमध्येही पडतात. त्यातून आपल्याकडची घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. शहाबादी फरशी, पत्रा, मोरीतलं गार पाणी, उघड्या खिडक्या. डिसेंबरात पहाटे घरातही बाहेरचीच हवा असते.

वारा वेगळा मोजा. कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावर ऊन असतं, पण पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे ऊन बघून स्वेटर गाडीत ठेवू नका. पाटण, जावळीकडचा पावसाळा तसाच दगा देतो. हवा फार गार नसते, पण ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात.

माझा रेनॉ साधा आहे की आजारातला, हे कसं ओळखायचं?

विशीच्या आसपास सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखाच, जखमा न होणारा रेनॉ बहुतेक वेळा साधा असतो. तिशीनंतर सुरू झाला, एखाद्याच बोटाला जास्त, फार ठणकतं, बोटाच्या टोकाला खड्डे किंवा जखमा होतात, कातडी ताठ वाटते, बोटं फुगून अंगठी निघेना झाली, यातलं काही असेल तर तपासणी हवी. एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) ही रक्ततपासणी आणि नखाच्या कडेच्या केशवाहिन्या भिंगातून पाहण्याची तपासणी, या दोन गोष्टींनी बराच उलगडा होतो. दुसऱ्या तपासणीत टोचत नाहीत, दुखत नाही. दगड फोडणं, खाणकाम, क्रशर अशा सिलिकाच्या धुळीतल्या कामाचा स्क्लेरोडर्माशी संबंध आहे. तुमचं काम तसं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

शेकाने हा आजार बरा होतो का?

नाही. शेकाने धमनीचं आवळणं सुटतं, ताठ कातडी थोडा वेळ मऊ होते, बोटं हलवणं सोपं जातं. स्क्लेरोडर्मात धमनीची भिंत आतून जाड झालेली असते; ती शेकाने पातळ होत नाही. म्हणूनच साध्या रेनॉत जो गारवा खपून जातो तो इथे धमनी पुरती बंद करतो. आतली वाट आधीच अरुंद असते.

बोट गार आहे, मग बोटालाच गरम का लावायचं नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

ऊतीला गरम केलं की तिची प्राणवायूची भूक वाढते. निरोगी बोटात लगेच जास्त रक्त येतं आणि ती भूक भागते. धमनी आवळलेली असताना रक्त येऊ शकत नाही. म्हणजे पुरवठा बंद आणि मागणी वाढलेली, असं होऊन बसतं. शिवाय रक्त वाहत असतं तेव्हा ते जादा उष्णता वाहून नेतं. रक्तच नसेल तर सगळी उष्णता त्याच जागी साठते. त्यात पांढरं पडलेलं बोट बधीर असतं, चटका कळत नाही. तिन्ही गोष्टी जुळल्या की जे पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाला नुसतं कडक वाटतं, त्याने तुमच्या बोटाला फोड येतो. आणि या आजारात बोटावरचा फोड आठवड्यात भरून येत नाही, महिने घेतो.

मग शेक कुठे द्यायचा?

अंगाला. पाठ, पोट, काखा, दंड, मान. धड उबदार झालं की मेंदूकडून जाणारा ‘आवळा’ हा निरोपच थांबतो आणि बोटाकडची वाट आपोआप सुटते. फिजिओथेरपीत ही जुनी पद्धत आहे: हाताला रक्त हवं असेल तर पोटाला किंवा पाठीला शेक.

बाहेर पडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा, वर शाल घ्या, मग स्वेटर चढवून निघा. हुडहुडी भरल्यावर स्वेटर शोधण्यात अर्थ नाही. आमचं स्पष्ट मत असं की महागड्या हातमोज्यांवर पैसे घालण्याआधी अंगात एक थर्मल बनियन, कानटोपी आणि पायमोजे घ्या. खर्च कमी, गुण जास्त.

झटका आलाच तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

गारव्यातून बाजूला व्हा, वाऱ्याकडे पाठ करा. हात ओले असतील तर आधी कोरडे करा. नंतर हात स्वतःच्या काखेत घाला किंवा पोटाशी धरा; काखेइतकी सुरक्षित ऊब दुसरी नाही, कारण ती कधीच भाजत नाही. हात खांद्यापासून मोठे गोल फिरवा, रहाट ओढल्यासारखे, २० ते ३० वेळा. खांदा दुखत असेल तर नुसते खाली सोडून झुलवा. घरी असाल तर कोमट पाण्यात हात ठेवा. काहीतरी गरम प्या.

घट्ट चोळू नका. कातडी पातळ आणि ताठ असताना चोळल्याने ती सोलवटते. तोंडाची वाफ मारूनही फारसं साधत नाही, उलट हात दमट होतात आणि वाऱ्यात आणखी गार पडतात.

बहुतेक झटके १५ ते २० मिनिटांत ओसरतात. रंग परत येताना जो ठणका लागतो तो रक्त परत आल्याचा असतो. त्यावर बर्फ किंवा गार पाणी लावायचं नाही.

पाणी किती गरम हवं आणि घरी मोजायचं कसं?

३७ ते ४० अंश सेल्सिअस. म्हणजे अंगाइतकं किंवा किंचित जास्त. ४२ च्या वर जाऊ नका.

थर्मामीटर नसेल तर हे प्रमाण उपयोगी पडतं. हिवाळ्यात नळाचं पाणी साधारण २० अंशांवर असतं. त्याचे तीन तांबे आणि उकळत्या पाण्याचा एक तांब्या मिसळला की पाणी चाळिशीच्या जरा खाली येतं. उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा एका तांब्याला पाच तांबे गार पाणी लागतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी या हिशेबात बसत नाही. ते कधीकधी नुसतंच पुरेसं गरम असतं, कधी जास्तही. नेहमी आधी गार पाणी ओता, मग उकळतं. उलट केलंत आणि मध्येच कुणी हाक मारली तर बादलीत उकळतं पाणी आहे हे विसरून हात घातला जातो.

पाणी तपासायचं कोपराने, किंवा घरातल्या आजार नसलेल्या माणसाच्या हाताने. स्वतःच्या बोटांवर विसंबू नका. तापाचा थर्मामीटर यात बुडवू नका. त्याची पट्टी ४२-४३ ला संपते आणि काचेचा असेल तर तडकू शकतो. माशांच्या टाकीचा थर्मामीटर स्वस्त असतो आणि या कामाला पुरतो.

हात मनगटाच्या वर चार बोटं बुडतील इतकं पाणी घ्या. दहा मिनिटं ठेवा, पाण्यातच मूठ उघड-बंद करा. मग बोटांच्या बेचक्यांसकट टिपून कोरडं करा, पुसताना रगडू नका, आणि लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून सुती मोजे घाला. ओला हात तसाच ठेवला तर पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि पाच मिनिटांत दुसरा झटका येतो. ‘पाण्यात ठेवलं की बरं वाटतं पण नंतर जास्त होतं’ अशी तक्रार असेल तर हेच तपासून बघा.

एकदा गरम, एकदा गार पाण्यात हात घालायचा उपाय सांगतात. तो चालेल का?

नाही. मुरगळलेल्या घोट्याला तो ठीक आहे. इथे गार पाण्याची पाळी म्हणजे मुद्दाम आणलेला झटका.

गरम पाण्याची पिशवी, विजेचा पॅड, मिठाची पुरचुंडी, शेकोटी: यातलं काय वापरू?

रबरी पिशवी सगळ्यात बरी, पण नीट भरली तर. पाणी उकळतं नको. गॅस बंद करून पाच-सात मिनिटांनी ओता. पिशवी दोन तृतीयांश भरा, आडवी दाबून हवा काढा, मग बूच घट्ट करा. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि अंगाला नीट बसत नाही. वर जाड टॉवेलाची घडी हवीच. रबर कडक झालं, घडीवर चिरा दिसल्या की पिशवी टाकून द्या. फुटते ती बरोबर मांडीवरच फुटते.

विजेचा पॅड कमी अंशावर, १५-२० मिनिटं आणि जागेपणी. त्यावर झोपू नका, तो अंगाखाली घेऊ नका. भार पडला की तेवढाच भाग जास्त तापतो.

तव्यावर तापवलेलं मीठ किंवा वाळू फडक्यात बांधून शेकणं गुडघ्याला ठीक आहे. बोटांना नको, कारण त्याचा अंदाज कुणालाच येत नाही. वरचं मीठ निवलेलं असतं आणि पुरचुंडीच्या मध्यभागी तव्याचीच धग असते.

शेकोटीशी बसायला हरकत नाही, पण पाठ शेकोटीकडे करून, दोन हात लांब. बोटं आगीवर धरायची नाहीत. रोज एकाच जागी धग लागली तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. ते पायांवर, पोटावर दिसू लागले तर शेक जास्त होतोय असं समजा.

झणझणीत बाम लावल्याने बोटाला रक्त येत नाही, फक्त कातडीला आग होते. आणि चिरलेल्या बोटावर ती आग पुरेशी रडवते.

फिजिओथेरपीत मेणाचा शेक देतात तो घरी करता येईल का?

करता येतो, पण आधी दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टकडे करून पाहा. मेणाचा मुख्य फायदा ताठ कातडी आणि आखडलेल्या सांध्यांना होतो. रक्ताभिसरणावरचा परिणाम थोडा वेळच टिकतो. त्यामुळे शेकानंतरचा व्यायाम केला नाही तर मेण लावून काही हाती लागत नाही.

साहित्य: ५२ ते ५४ अंशांना वितळणारं पांढरं पॅराफिन मेण सात भाग आणि औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन हे तेल एक भाग. तेलामुळे मेण कमी अंशाला पातळ राहतं आणि हातावरून सहज निघतं. रंगीत किंवा वासाच्या मेणबत्त्या वितळवू नका. त्यांचं मेण किती अंशांना वितळेल याचा भरवसा नसतो. थर्मोस्टॅट असलेलं मेणाचं यंत्र घ्यावं हे उत्तम. ते नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, असं पाण्यावरच वितळवा. मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही, ते पेट घेतं. वितळलं की गॅस बंद करून भांडं ओट्यावरून खाली, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

मेण निवत जाऊन पृष्ठभागावर साय धरू लागली की ते योग्य अंशाच्या जवळ आलं. साध्या सांधेदुखीला ५० ते ५४ अंश चालतात. पातळ, ताठ कातडीला खालची बाजू, ५० च्या आसपास, बरी. थर्मामीटर इथे हवाच. पहिला थेंब घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मनगटावर टाकून पाहा. पाण्यापेक्षा मेण इतकं जास्त तापलेलं असूनही पोळत नाही, कारण त्यातून उष्णता हळू सरकते आणि कातडीलगतचा पहिला थर लगेच घट्ट होऊन आड येतो.

हात धुऊन अगदी कोरडा करा; पाण्याचा एक थेंब राहिला तरी तिथे भाजतं. अंगठ्या काढा, बांगड्या कोपराकडे सरकवून रुमालाने बांधा. बोटं किंचित फाकवून हात मनगटापर्यंत बुडवा आणि लगेच वर काढा. मेणाची चमक गेली की पुन्हा बुडवा, पण पहिल्या थराच्या कडेपेक्षा किंचित कमी खोल. असे ८ ते १० थर. या सगळ्या वेळात बोटं हलवायची नाहीत. हलवली की थराला भेग पडते, पुढच्या बुडीत गरम मेण त्या भेगेतून आत शिरतं आणि तिथेच अडकून राहतं. मेणाने भाजल्याच्या तक्रारींत ओला हात आणि ही भेग, हीच दोन कारणं बहुतेक वेळा असतात.

मग प्लॅस्टिकची पिशवी, वर टॉवेल, १५ ते २० मिनिटं. मेण सोलून काढलं की हात उबदार असतानाच: मूठ पूर्ण मिटा, बोटं पूर्ण फाका, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा, दुसऱ्या हाताने प्रत्येक बोट हळूच सरळ करून दहा आकडे धरून ठेवा. प्रत्येकी दहा वेळा. शेवटी क्रीम आणि मोजे.

जखम, चीर, पू, काळं पडलेलं टोक, कातडीतून बाहेर आलेली चुन्याची गाठ किंवा हाताला बधिरपणा असेल तर मेण बंद. आजार नव्याने सुरू होऊन बोटं फुगलेली असतात त्या काळातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सूज वाढू शकते.

हातमोजे कोणते घ्यावेत?

चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे वेगवेगळ्या बोटांच्या मोज्यांपेक्षा जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ सुती किंवा रेशमी मोजा, वर लोकरीचा, असे दोन थर घ्या. आतला थर ओलसर झाला की बदला. घट्ट मोजा काही कामाचा नाही. मोजे घालायचे ते घरातून निघण्याआधी, हात उबदार असताना. गार पडलेला हात मोज्यात घातला तर मोजा तो गारवाच जपून ठेवतो.

बॅटरीवर तापणारे मोजे रोज पहाटे बाहेर पडणाऱ्यांना उपयोगी आहेत. सगळ्यात खालच्या अंशावर वापरा. हवा लागली की तापणाऱ्या लोखंडाच्या चुऱ्याच्या पुड्याही मिळतात. त्या ५० अंशांच्या वर जाऊ शकतात, म्हणून कातडीला थेट लावू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन मोज्यांच्या मध्ये ठेवा. तिथून जाणारं रक्त गरम होऊन बोटाकडे जातं. झोपताना काढून टाका.

रोज पहाटे दुचाकीवरून जावं लागतं. काय करू?

लोकरीच्या मोज्यातून वारा आरपार जातो, त्यामुळे नुसती लोकर दुचाकीवर जवळपास निरुपयोगी. वर वारा अडवणारा थर हवा, चामड्याचा किंवा रेक्झिनचा. हँडलच्या मुठींवर बसवायची मोठी कव्हरं मिळतात. ती बसवली की हात थेट वाऱ्यात राहत नाही. दिसायला बेंगरूळ, पण मोज्यांपेक्षा भारी. ब्रेकचा लोखंडी दांडा बोटांची ऊब ओढून घेतो, त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा. छातीवर वारा लागू देऊ नका. स्वेटरवर विंडचीटर, किंवा निदान शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी. बोटं बधीर झाली तर गाडी थांबवा; ब्रेक दाबला गेला की नाही हे कळत नसेल तर प्रश्न फक्त बोटाचा राहत नाही.

शेतात आणि बागेत काम असतं, हात सारखे ओले. त्यावर उपाय?

तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर जीए (जिबरेलिक अॅसिड) या वाढीच्या संजीवकात घड बुडवायचं काम, म्हणजे डिपिंग, येतं ते नेमकं थंडीच्या तोंडावर. हात तासन्‌तास ओले. आत पातळ सुती आणि वर कोपरापर्यंतचा रबरी मोजा, असं घाला. सुती मोज्यांचे तीन-चार जोड जवळ ठेवा, कारण ते घामाने भिजतातच. जमत असेल तर काम ऊन वर आल्यावर सुरू करा.

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना एक फसगत होते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट लागतं, म्हणून हात घालायला बरं वाटतं. हात बाहेर काढला, वारा लागला की मिनिटभरात बोटं पांढरी. खिशात कोरडं फडकं ठेवा. फवारणीचं इंजिन, ब्रेकर, ग्राइंडर यांची थरथर स्वतंत्रपणे धमन्या आवळते; ही कामं शक्य तर दुसऱ्याकडे द्या.

स्वयंपाकघरात काय सांभाळायचं?

गारवा आणि चटका, दोन्ही. फ्रीजपाशी एक जाड मोजा टांगून ठेवा. भांडी, भाज्या, फरशी यांना कोमट पाणी घ्या. भाकरी हा खरा धोका आहे. तव्यावरच्या भाकरीला बोटांनी पाणी फिरवताना बधीर टोकं तव्याला टेकतात आणि कळत नाही. पाणी फडक्याच्या बोळ्याने किंवा ब्रशने फिरवा, भाकरी उलथन्याने उलटा. स्टीलच्या पेल्यातला चहा बोटांनी धरू नका. कान असलेला कप घ्या.

बोटाच्या टोकाला जखम आहे. शेक द्यायचा का? हळद लावू का?

त्या बोटाला शेक नाही: ना पाणी, ना मेण, ना पॅड. अंगाला ऊब मात्र दुप्पट द्या, कारण जखम भरायला रक्त हवं. जखम साध्या सलाइनने किंवा उकळून निववलेल्या पाण्याने धुऊन, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावून सैल ड्रेसिंग करा. घट्ट पट्टी आवळली की उरलंसुरलं रक्तही अडतं.

सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणं अवघड, तरी इथे नाही. पूड जखमेत खपलीसारखी बसते, खाली पू झाला तरी दिसत नाही आणि पिवळ्या रंगामुळे कातडीचा खरा रंग कळत नाही. चुना, तंबाखू, राख यांचं तर नावच नको.

विडी-सिगारेट नाही, फक्त मिश्री लावते. तिने काय होतं?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि धमन्या आवळतं. सकाळी मिश्री लावून लगेच गार पाण्यात हात, हा क्रम आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा असतो आणि तपासताना ‘व्यसन नाही’ असंच लिहिलं जातं. मिश्री हे व्यसन धरा आणि डॉक्टरांना सांगा. तंबाखू-चुना, गुटखा, विडी, सगळ्याला हेच लागू. मिश्री चालू ठेवून केलेला शेक फुकट जातो.

औषधं कधी लागतात?

ऊब सांभाळूनही झटके रोजचे असतील किंवा एकदाही जखम झाली असेल तर. निफेडिपिन, अॅम्लोडिपिन ही पहिल्या पायरीची. मग सिल्डेनाफिल, टॅडालाफिल. वारंवार जखमा होत असतील तर बोसेंटन. बोट धोक्यात असेल तर दवाखान्यात शिरेतून इलोप्रोस्ट. पहिल्या गटाने घोट्यांना सूज, डोकेदुखी, चक्कर येऊ शकते. असं झालं तर मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवा. सिल्डेनाफिल आणि हृदयविकाराच्या नायट्रेटच्या गोळ्या एकत्र घेणं जिवावर बेततं.

उलट बाजूनेही बघा. प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, चोंदलेल्या नाकाच्या गोळ्या-सिरप, अर्धशिशीची अर्गोटामिन असलेली गोळी यांनी रेनॉ वाढतो. सर्दीची गोळी मेडिकलमधून मागून घेण्याआधी आपला आजार सांगा.

मन एकाग्र करून हात गरम करायचं प्रशिक्षण असतं म्हणे?

असतं, बायोफीडबॅक म्हणतात. साध्या रेनॉवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले, त्यात निफेडिपिनने झटके कमी झाले, या प्रशिक्षणाने झाले नाहीत. ताणाने झटका येतो हे खरं, म्हणून श्वासाचा व्यायाम करायला हरकत नाही. गोळीऐवजी मात्र नको.

तातडीने कधी जायचं?

ऊब देऊनही तासाभरात रंग परत आला नाही, बोट निळं-काळं पडून असह्य ठणकतंय, टोक काळं पडू लागलंय, पू किंवा ताप आहे: त्याच दिवशी, रात्र असली तरी. उद्या सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबू नका आणि ‘आधी शेकून बघू’ असंही करू नका. निघताना सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या, हात सुती मोज्यात सैल गुंडाळा, अंगावर घोंगडी किंवा शाल घ्या आणि गाडीतला एसी बंद ठेवा.

डॉक्टरांकडे जातो तेव्हा नेमकी बोटं चांगली असतात. काय दाखवू?

मोबाइलवर फोटो. झटका आला की दोन्ही हातांचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. एक पांढरा रंग असताना, एक परत येताना. सोबत वहीत तारीख, काय केल्याने झटका आला, किती मिनिटांनी ओसरला, एवढंच. नेलपॉलिश आणि मेंदी मात्र तपासणीच्या आधी नको. मेंदीने रंगलेल्या बोटाचा रंग कुणालाच वाचता येत नाही, आणि नखाच्या कडेच्या केशवाहिन्या पाहायच्या असतील तर ती कडही कापलेली, कुरतडलेली नसावी.